काटा एकशे चाळीसवर आला की

क्रेफेल्ड, जर्मनी
९ मार्च १९९४

तोमेजीमामा,

आधी हवापाण्याची चौकशी, मग तब्येतीची, मग मुद्दा. पत्र असं लिहावं हे तुम्हीच मला शिकवलंत. पण आज तेवढा धीर नाही. मामा, पाटी चढली! काल सकाळी दहा वाजता आपल्या होशिमी केमिकलची निळी पाटी युरोपात पहिल्यांदा एका कारखान्याच्या दारावर चढली. शिडीवरच्या माणसाने ती अर्धा बोट तिरकी लावली म्हणून इथले आमचे प्रमुख हिरोकानेसाहेब अस्वस्थ झाले आणि मी वेड्यासारखी हसत सुटले.

काम तुम्हाला माहीत आहे, तरी सांगते, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकच्या काळ्या दाण्यापासून मोटारीच्या इंजिनावरचं झाकण करायचं. इथे ते आजवर ॲल्युमिनियमचं असतं. आपलं झाकण त्याच्या निम्म्या वजनाचं! इथली मोटार कंपनी (नाव पत्रात लिहायला मनाई आहे) आपल्याला तीन संधी देणार. प्रत्येक वेळी त्यांच्या तपासनीस बाई येणार आणि सकाळच्या अगदी पहिल्या नगापासून सलग शंभर झाकणं बघणार. मधला एकही नग बाजूला टाकायचा नाही. शंभरच्या शंभर चांगले निघाले तर ऑर्डर. तिन्ही संधी वाया गेल्या तर ही पाटी उतरवायची आणि घरी जायचं.

घरी जाऊन मी कुठे बसणार तेही ठरलंय. हिरोकानेसाहेब विमानातच म्हणाले, "इगावाबाई, बाई इंजिनिअरला परदेशी पाठवायची कंपनीची ही पहिलीच वेळ. हे फसलं तर तुम्हाला कागदपत्रांच्या खोलीत जावं लागेल, आणि तुमच्यानंतरच्या पोरींना विमानतळसुद्धा दिसणार नाही." वाईट हेतूने नाही म्हणाले. पण जेवणाचा ट्रे समोर होता, तो तसाच परत गेला.

मशीनवर डेटलेफ नोवॉटनी नावाचा माणूस आहे. पन्नाशीचा, तुमच्यासारखाच तिरकस. त्याचा झपाटा बघायला हवा! पहारेकरी पाचला साचा गरम करायला लावून ठेवतो. सहाच्या ठोक्याला डेटलेफ थर्मास घेऊन आत येतो, तापमानाचा काटा एकशे चाळीसवर आला ना बघतो आणि बटण दाबतो. 'गुड मॉर्निंग'सुद्धा पहिला नग बाहेर येता येता म्हणतो. एक मिनिट फुकट जात नाही. मी तर थक्क झाले.

तुम्ही लिहिलेली प्रोसेस शीट, कामाची पायरीन् पायरी, जर्मनमध्ये करून भिंतीवर लावली आहे. अकरा पानं. डेटलेफने सगळी वाचली आणि म्हणाला, "हे लिहिणाऱ्याला मित्र नसणार."

तुमची,
चिझुरु


तोकुयामा
२० मार्च १९९४

चिझु,

मी मात्र रीत सोडणार नाही. इकडे प्लमचा बहर झडला, चेरीच्या कळ्या फुगल्या आहेत, समुद्रावरून वारा अजून थंड येतो. तुझी मामी बरी आहे. मी बरा आहे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी पहाटे जाग येते, आणि स्वयंपाकघरात गेलो की मामी हाकलते. मग मुळ्याच्या वाफ्यात जाऊन बसतो. झाली रीत पुरी.

आता मुद्दा. तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, आणि मामीने शेजारच्या तिघींना वाचून दाखवलं. "आमची भाची" म्हणताना तिचा आवाज असा काही चढतो की मांजर उठून जातं.

त्या डेटलेफला सांग, मला मित्र होते. शीट लिहिताना मात्र कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. १९७९ साली तीन महिने खपून ती लिहिली. अकरा साहेबांचे शिक्के आहेत तिच्यावर. पंधरा वर्षांत तिची एक ओळ बदलायची गरज पडली नाही. तू फक्त एक कर, तिच्यात लिहिलंय ते शब्दशः कर. आपली अक्कल चालवू नकोस. लहानपणी तू शिजत असलेल्या भाताचं झाकण उघडून बघायचीस, ती खोड अजून गेली नसेल.

शिस्तीचं म्हणशील तर दिवाणखान्यातलं ते प्रमाणपत्र आठव. तीस वर्षं सकाळच्या रेडिओ कवायतीला एकही खाडा नाही! आठच्या टेपला अख्खा कारखाना हात वर करायचा, आणि हा कुमाबे कधी गैरहजर नसायचा. या वयात माझी पाठ ताठ आहे ती उगीच नाही. मामी त्याची काच रोज पुसते.

सोबत प्लमची खारवलेली, आंबटढाण उमेबोशी पाठवतो आहे. डेटलेफला एक दे. पूर्ण तोंडात टाकायला सांग.

मामा


क्रेफेल्ड
१८ एप्रिल १९९४

तोमेजीमामा,

डेटलेफने उमेबोशी पूर्ण तोंडात टाकली. दोन मिनिटं तो नळाखाली तोंड धरून उभा होता. तेव्हापासून तो तुम्हाला "तोकुयामाचा राक्षस" म्हणतो आणि रोज एक मागतो.

आता वाईट बातमी. पहिली संधी गेली.

तपासनीस बाईंचं नाव फ्राऊ ब्रेनकेन. साठीच्या, बुटक्या, हातांत पांढरे हातमोजे. लांब टेबलावर झाकणं ओळीने मांडतात आणि प्रत्येकापुढे खडूने आकडा लिहितात. तोंडाने काही बोलत नाहीत. पहिल्या नगाला पिकलेले केस. दुसऱ्याला पिकलेले केस. तुम्ही कारखान्यात म्हणायचात तेच, काळ्याभोर अंगावर काचेचे तंतू वर येऊन पांढुरकी झाक मारते ना, तेच. सदतीस नग असे निघाले. अडतिसावा मात्र कुळकुळीत काळा, आणि तिथून शंभरपर्यंत एकालाही नाव ठेवायला जागा नाही. बाईंनी सदतीस आणि अडतीसच्या मध्ये खडूने रेघ ओढली, मोजे काढले आणि निघून गेल्या.

मामा, काटा एकशे चाळीसवर होता. मी स्वतः पाहिला. शीटमध्ये आहे त्यातलं काही सोडलं नाही. तोकुयामात हेच मशीन, हाच साचा, हाच दाणा, आणि तिथे पहिला नगही चांगला निघतो. मग इथेच काय बिघडतं?

एक विचारू का? रागावू नका. शीट लिहिताना एखादी लहानशी गोष्ट, रोजची म्हणून, लिहायची राहून गेली असेल का? तुमच्या हाताला सवयीची, म्हणून डोक्यात आली नसेल अशी?

चिझुरु


तोकुयामा
२७ एप्रिल १९९४

चिझुरु,

चेरी संपली. हवा बरी आहे.

शीटमध्ये काही राहिलेलं नाही. मी लिहिली आहे. दाणे सहा आठवडे जहाजातून आले, त्यांनी ओल धरली असणार. ते जास्त वेळ सुकव. दुसऱ्याच्या कागदात चूक शोधण्याआधी आपली पोती तपासावीत.

मामी विचारते, जेवतेस ना नीट.

तोमेजी कुमाबे


क्रेफेल्ड
१९ मे १९९४

तोमेजीमामा,

खाली पूर्ण नाव लिहून तुम्ही मला गारद केलंत. चूक झाली. माफ करा. आणि आता माफ कराच, कारण तुमचं खरं ठरलं! पोती!

मी नवा सुकवणी यंत्राचा संच मागवला, दाणे दुप्पट वेळ सुकवले आणि काल सकाळी सराव म्हणून शंभर नग काढले. मामा, शंभरच्या शंभर काळे! पहिल्यापासून! मी पहिला नग हातात घेतला तर त्यात माझं तोंड दिसलं. मी ओरडले. हिरोकानेसाहेब धावत आले, त्यांना वाटलं माझा हात अडकला.

कालचा दिवसच शुभ होता. डेटलेफचा वाढदिवस. इथली तऱ्हा उलटी, ज्याचा वाढदिवस त्यानेच सगळ्यांना खाऊ घालायचं. सकाळी सहाला तो बायकोने केलेला चेरीचा एवढा थोरला केक घेऊन आला. मी म्हटलं, आधी काम. तो म्हणाला, "इगावा, वर्षातून एकदा मशीन माझी वाट बघेल." सगळे मशीनभोवती उभे राहून कागदी ताटल्यांत केक खात होते, हिरोकानेसाहेबांनी तर दोनदा घेतला. माझा जीव खालीवर होत होता. शेवटी कधीतरी त्याने बोटं चाटत बटण दाबलं आणि मग ते शंभर काळे नग.

पुढच्या बुधवारी, पंचवीस तारखेला, दुसरी संधी. या वेळी नक्की!

तुमची चिझुरु


क्रेफेल्ड
२७ मे १९९४

मामा,

एकतीस नग पांढरे. तेच सुकवणी यंत्र, तेच दाणे, काटा एकशे चाळीसवर, सहाच्या ठोक्याला सुरुवात.

फ्राऊ ब्रेनकेन या वेळी बोलल्या. म्हणाल्या, "तुम्हाला चांगलं झाकण करता येतं. पण का येतं ते तुम्हाला माहीत नाही." 

हिरोकानेसाहेबांनी घरमालकाला पत्र टाकून ठेवलं आहे की ऑगस्टपासून खोल्या लागणार नाहीत. मी त्याची नक्कल त्यांच्या टेबलावर पाहिली. तिसरी आणि शेवटची संधी चोवीस जूनला. दाणा, सुकवणी, दाब, वेग, सगळं बदलून पाहिलं. आता बदलायला माझ्याजवळ काही उरलेलं नाही. मी हात टेकले, मामा.

मी पुन्हा शीटबद्दल विचारत नाही. शप्पथ. फक्त लिहा काहीतरी. मुळ्यांबद्दल लिहा.

चिझुरु


तोकुयामा
१६ जून १९९४

चिझु,

हे पत्र स्पेशल टपालाने पाठवतो आहे. फॅक्स केला असता तर तो हिरोकानेच्या टेबलावर पडला असता, आणि यात जे आहे ते आधी तू एकटीने वाचायचं आहे. खुर्ची ओढून बस.

तुझ्या पत्रांना तीन आठवडे उत्तर दिलं नाही म्हणून तू समजली असशील की म्हातारा अजून फुगून बसला आहे. पहिला आठवडा तसंच होतं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या आठवड्यात माझा चष्मा मुळ्याच्या वाफ्यात हरवला, म्हणून मामीला म्हटलं, पोरीची पत्रं पुन्हा एकदा वाच. ती केकपाशी आली आणि थांबली. "अहो, ही माणसं किती वेळ खात होती?"

"एवढा मोठा केक, त्यात हिरोकाने दोनदा घेतो म्हणजे अर्धा तास," मी म्हटलं.

"आणि तोवर मशीन?"

"मशीन काय करणार? उभं तापत."

असं म्हणालो आणि चष्म्याशिवायच ते पत्र तिच्या हातून ओढून घेतलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. यासुताके आठवतो ना, माझ्या हाताखालचा? आता तोच फोरमन आहे. त्याला म्हटलं, मला फक्त तुझ्या मशीनपाशी उभं राहू दे. खिशात घड्याळ, हातात साच्याला टेकवायचा थर्मामीटर. आठला दोन मिनिटं कमी असताना काटा एकशे चाळीसवर गेला. मी थर्मामीटर साच्याला टेकवला. एकशे बारा!

काटा साच्यातून फिरणाऱ्या तेलाची गरमी सांगतो, गाढवे. लोखंडाची नाही. तेल तापलं म्हणजे एवढा टनभर साचा तापला असं होत नाही. त्याला वेळ लागतो. तुझे सदतीस नग गार साच्यात पडत होते.

मग आठ वाजले, टेप लागली. साऱ्यांनी हात वर केले. कवायतीचा पहिला भाग, दुसरा भाग. मग यासुताकेने दिवसाचं काम वाचून दाखवलं. मग सुरक्षेची शपथ, सगळ्यांनी एका सुरात. मग प्रत्येकाने आपल्या मशीनभोवती झाडलं. मी दर पाच मिनिटांनी थर्मामीटर टेकवत होतो. एकशे एकवीस. एकशे तीस. एकशे छत्तीस. आठ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी यासुताके बटणापाशी आला तेव्हा साचा एकशे एकोणचाळीस होता. पहिला नग काळाभोर.

तर हे आहे तोकुयामाचं गुपित. तीन हजार माणसांना माहीत आणि एकालाही माहीत नाही. तिथे काटा आणि बटण यांच्यामध्ये रोज अर्धा तास कवायत उभी असते. तुझ्या डेटलेफच्या झपाट्यात ती नाही. एकदा तिची जागा केकने घेतली, आणि तू शाबासकी सुकवणी यंत्राला दिलीस.

आता तू विचारशील, मामा, तुम्ही तर तीस वर्षं खाडा न करता त्या रांगेत उभे होतात, मग एवढा अर्धा तास शीटमध्ये का नाही लिहिलात?

कारण मी तिथे नसायचो.

टेप लागली की मी सायकल शेडच्या मागे जायचो. दोन सिगारेटी. हजेरीच्या वहीत माझा शिक्का यासुताके मारायचा. तीस वर्षांत मी ती कवायत एकदाही केलेली नाही, चिझु. मी परत यायचो तेव्हा काटा एकशे चाळीसवर असायचा आणि यासुताकेचं बोट बटणावर. मी जे पाहिलं तेच लिहिलं, "काटा एकशे चाळीसवर आला की सुरू करा." पान सहा, ओळ चार. खाली अकरा जणांनी शिक्के मारले, कारण कुमाबे शिस्तीचा माणूस.

आणि तू विचारलंस तेव्हा मी पूर्ण नावाने सही करून तुला दटावलं. याची मला लाज वाटते. दोनदा तू त्या बाईपुढे मान खाली घालून उभी राहिलीस ती माझ्या सिगारेटींपायी.

आता कामाचं. शीटची ओळ बदलायची म्हणजे अकरा शिक्के. चोवीस तारखेच्या आत ते व्हायचं नाही. पण कवायत करायला कुणाचा शिक्का लागत नाही. सोबत कारखान्याची कॅसेट आहे, यासुताकेने चोरून दिली आहे. सहाला लाव. सगळं कर, शपथ आणि झाडूसकट. अर्ध्या तासाच्या आत बटणाला हात लावू देऊ नकोस. आणि नंतर त्या बाईंनी विचारलं तर लपवू नकोस. लपवण्यात मी काय मिळवलं ते भिंतीवर टांगलेलं आहे.

मामा


क्रेफेल्ड
२५ जून १९९४

मामा! मामा! मामा!

हवा उत्तम आहे, तब्येत उत्तम आहे, झाली रीत. शंभर! शंभरच्या शंभर!!

आता पहिल्यापासून सांगते. तुमचं पाकीट मंगळवारी संध्याकाळी हातात पडलं. वाचलं आणि मी खोलीत एकटीच मोठ्याने हसले, मग रडले, मग पुन्हा सायकल शेडच्या ओळीपाशी येऊन हसले. बुधवारी आणि गुरुवारी थर्मामीटर साच्याला टेकवून तुमचे आकडे पडताळले. एक डिग्रीचा फरक नाही! मग हिरोकानेसाहेबांना साच्याची हकिगत सांगितली, सिगारेटींची नाही. ते छताकडे बघत म्हणाले, "आपण कवायतच विसरलो?" घराची किल्ली विसरावी तशा आवाजात. खरं सांगू, मीही तिकडे टेकडीवरच्या प्रयोगशाळेत सात वर्षं रोज हात वर केलेत. माझ्या लेखी ती कामात कधी धरलेलीच नव्हती.

डेटलेफला समजावणं सगळ्यात अवघड.

"म्हणजे मी सकाळी सहाला बायकांसारखं नाचायचं?"

"बायका कुठे नाचतात सकाळी सहाला? मला तरी दाखव."

"आणि हे त्या राक्षसाने सांगितलंय?"

"हो."

"मग केक पाहिजे. या वेळी तू करायचास."

मी केला, मामा. मध्ये बसला, कडेला करपला. त्याने तो मशीनच्या टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं की ही जपानची खास पद्धत आहे.

काल सहाला फ्राऊ ब्रेनकेन मोजे चढवून टेबलापाशी उभ्या. काटा एकशे चाळीसवर. डेटलेफचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि त्याने तो दुसऱ्या हाताने धरून मागे ओढला. मी कॅसेट लावली. पियानोचा पहिला सूर वाजला आणि हिरोकानेसाहेब, सूट, टाय, वहीसकट, आपोआप पाय जुळवून उभे! वही खाली पडली ती त्यांना कळलीही नाही. मी, ते, आणि आमच्या मागे बारा जर्मन. डेटलेफ उजवीकडे झुकायचा तेव्हा बाकीचे डावीकडे. उड्यांच्या वेळी जमीन हादरली. दुसऱ्या भागात मी चोरून पाहिलं तर फ्राऊ ब्रेनकेन यांनी हातातली नोंदींची पाटी टेबलावर ठेवली होती आणि खांदे गोल फिरवत होत्या, तोंड तसंच आंबट ठेवून. मग दिवसाचं काम, मग शपथ. ती डेटलेफने जर्मनमध्ये केली होती, त्यात "राक्षसाच्या नावाने" असं घुसडलं होतं. मग झाडू.

साडेसहाला बटण.

पहिला नग बाहेर आला तेव्हा मी डोळे मिटले होते. डेटलेफ म्हणाला, "इगावा, आपलं तोंड बघ." उघडले, तर काळ्याभोर झाकणात माझंच तोंड, घाबरलेलं. दुसरा. पाचवा. सदतिसाव्याला मी त्याचा दंड धरला, तो अजून दुखतोय म्हणे. शंभरावा ठेवून झाला तेव्हा टेबलावर खडूची एकही रेघ नव्हती.

मग बाईंनी मोजे न काढताच विचारलं, "तो नाच. तो तुमच्या कागदात कुठे आहे?"

मामा, हिरोकानेसाहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणू शकले असते, आमची रीत आहे, सहज केली. ऑर्डर हातात होती. तुमची ओळ आठवली. मी म्हटलं, "कागदात नाही. साच्याला तापायला अर्धा तास लागतो, तो आमच्याकडे कवायतीत जातो. लिहायचं राहून गेलं. पंधरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही." साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला, त्या सदतीस नगांपेक्षा पांढरा.

बाईंनी पहिला नग पुन्हा उचलून बघितला. मग म्हणाल्या, "म्हणजे ते तुमच्या अंगात होतं. उद्या तुम्ही निघून गेलात तर मी ते अंग कुठून आणू? लिहा. अर्धा तास, आणि साच्याचं तापमान साच्यावर मोजून. ते लिहून सहीनिशी आलं की माझी सही." मग मोजे काढले आणि माझ्या करपक्या केकचा तुकडा उचलला. जाताना दारातून मागे वळून विचारलं, "ती कॅसेट कुठे मिळते?"

आम्ही इथे राहणार, मामा! हिरोकानेसाहेबांनी घरमालकाला फोन केला. मला म्हणाले, "पुढच्या वर्षी आणखी एक इंजिनिअर लागेल. प्रयोगशाळेतली कोणी पोरगी असेल तर नाव सुचवा." मी तीन नावं दिली.

बदलाचा अर्ज तोकुयामाला पाठवला आहे. त्यात एक रकाना आहे, "मूळ ओळ अपुरी राहण्याचं कारण". नियमाप्रमाणे तो मूळ लिहिणाऱ्याने भरायचा असतो. मी "लिहिणारे निवृत्त आहेत" असं लिहून मोकळी होऊ शकत होते. लिहिलं नाही, पण दुसरंही काही लिहिलं नाही. रिकामा ठेवला आहे. तुम्हाला वाटेल ते लिहा. "नजरचुकीने" लिहिलंत तरी कुणी विचारणार नाही, मीही नाही.

तुमची, तुमचीच,
चिझु


तोकुयामा
२३ जुलै १९९४

चिझु,

यंदाच्या उन्हाळ्यासारखा उन्हाळा मी पाहिला नाही. मुळे गेले. कलिंगडं तरारली आहेत. मामी ठीक. मी ठीक, पाठ सोडून. ते पुढे येईलच.

तुझं पत्र (सिगारेटींचं पान मी आधीच काढून ठेवलं) मामीने या वेळी शेजारच्या तिघींना वाचून दाखवलं आणि मग कोपऱ्यावरच्या तांदूळवाल्यालाही. तू त्या बाईपुढे खरं बोललीस, ते मी तिला दोनदा वाचायला लावलं. शंभर नगांचा आनंद झालाच. पण याचा मला जास्त अभिमान वाटतो. मी हे तोंडावर कधी बोललो नसतो, म्हणून पत्रात लिहून टाकतो.

अर्ज घेऊन यासुताके स्वतः घरी आला. ओसरीवर बसला, बार्लीचा थंड चहा प्यायला आणि हळूच म्हणाला, "कुमाबेसान, 'नजरचुकीने' लिहा. माझाही शिक्का त्यात गुंतलाय."

"तुझं नाव येणार नाही," मी म्हटलं, आणि त्याच्या देखत लिहिलं. "लिहिणारा सकाळच्या कवायतीला हजर नसे." खाली माझा शिक्का.

तो कागद आता अकरा टेबलांवरून फिरतो आहे. प्रत्येक साहेब तो वाचतो आणि शिक्का मारतो. ऐकलं की सातव्या टेबलावर एक वृद्ध संचालक वाचून इतके हसले की त्यांनी शिक्का उलटा मारला, आणि मग म्हणाले, "सायकल शेडच्या मागे तो मलाही भेटायचा." आठ वर्षं शेजारी सिगारेट ओढणारा तो कोण हे मला कधी कळलं नव्हतं!

यासुताके गेल्यावर मी भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवलं. मामी बघत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. शर्टाला वास यायचा."

"मग रोज काच कशाला पुसत होतीस?"

"तुम्ही बघायचात ना तिच्याकडे. म्हणून."

शाळांना गुरुवारी सुट्टी लागली. इथल्या मैदानात पोरं साडेसहाला रेडिओवर कवायत करायला जमतात आणि प्रत्येकाच्या गळ्यात हजेरीचं कार्ड असतं. काल मी गेलो. मागे उभा राहिलो. हात वर करणं जमलं. तिसऱ्या प्रकाराला सगळे एकीकडे आणि मी एकीकडे. दुसरीतल्या एका पोरीने मागे वळून बघितलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही कधीच नाही केलीत?" मी म्हटलं, नाही. तिने रांग सोडली, माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्याकडे बघून करा." शेवटपर्यंत केली. आज पाठ धरली आहे.

संपल्यावर तिनेच मला एक कोरं कार्ड आणून दिलं आणि रांगेत उभं केलं. कार्डावर चाळीस चौकोन आहेत. पहिल्यात लाल शिक्का आहे. तो माझ्यादेखत पडला.

उद्या परत जायचं आहे.

तोमेजीमामा